निम्म्या उष्णतेचा हिशेब: मोठ्या जहाजाची इंजिन रूम

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत वाढलेल्या माणसाला मोठं इंजिन म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खुल्या खाणींतून माती आणि कोळसा वर आणणारे डंपर त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. शंभर टनी डंपरचं इंजिन हजार अश्वशक्तीच्या घरातलं असतं. माजरी जंक्शनवरून वणी-आदिलाबादकडे फुटणाऱ्या फाट्यावर तर वर्षानुवर्षं डिझेल इंजिनांनीच गाड्या ओढल्या. भारतीय रेल्वेचं सर्वांत ओळखीचं डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन सोळा सिलिंडरचं आणि २६०० अश्वशक्तीचं.

२००६ साली सेवेत आलेल्या 'एमा मेर्स्क' या कंटेनर जहाजाचं मुख्य इंजिन चौदा सिलिंडरचं आहे आणि त्याची ताकद १ लाख ८ हजार अश्वशक्तीहून जास्त. म्हणजे त्याचा एकच सिलिंडर तीन डब्ल्यूडीएम-२ इंजिनांइतकं काम करतो. वजन २३०० टन, लांबी सुमारे २७ मीटर, उंची साडेतेरा मीटर. चार मजली इमारतीएवढं हे यंत्र जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली उभं असतं. न्हावा-शेवा बंदराला लागणाऱ्या बहुतेक जहाजांची इंजिनं याहून लहान असतात, पण जात हीच.

हे आकडे छाती दडपवतात. तरी इंजिन रूम समजून घ्यायची तर मी वेगळ्या आकड्यापासून सुरुवात करेन. जळालेल्या तेलातल्या उष्णतेपैकी सुमारे निम्मी प्रत्यक्ष प्रोपेलर फिरवण्याच्या कामी येते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रासारख्या कोळशाच्या वीजकेंद्रात हाच वाटा एक तृतीयांशाच्या थोडा वर असतो. म्हणजे जहाजाचं इंजिन उष्णतेच्या वापरात फारच पुढे आहे. पण उरलेली निम्मी उष्णता तरीही शिल्लक राहतेच, आणि ती वाट्टेल तिथे सोडून चालत नाही. इंजिन रूममधले पंप, कूलर, बॉयलर, नळ्यांची जाळी यांतलं बरंचसं सामान या उरलेल्या निम्म्यासाठीच आहे.

मोठं इंजिन सावकाश का फिरतं

डंपरचं इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतं, डब्ल्यूडीएम-२ हजारापर्यंत जातं. एमा मेर्स्कचं इंजिन पूर्ण ताकदीला फक्त १०२ फेरे घेतं. सगळी ताकद पिस्टनच्या आकारातून आणि चालीतून येते. पिस्टनचा व्यास ९६ सेंटिमीटर आणि त्याची वरखाली चाल तब्बल अडीच मीटर. दुरुस्तीच्या वेळी माणूस सिलिंडरच्या आत उभा राहून काम करू शकतो.

संथ चालीचं पहिलं कारण पाण्यात आहे. मोठा प्रोपेलर सावकाश फिरला की पाणी जास्त चांगलं रेटतो. लहान प्रोपेलर भरभर फिरवला तर बरीच शक्ती पाणी घुसळण्यात जाते. एमा मेर्स्कचा प्रोपेलर साडेनऊ मीटरहून मोठा आणि सुमारे १३० टनांचा आहे. इंजिनच सावकाश फिरत असल्यामुळे मध्ये गिअर लागत नाही. क्रँकशाफ्टला लांबलचक शाफ्ट जोडलेला, त्याच्या टोकाला प्रोपेलर. दुसरं कारण इंधनात आहे. जहाजाचं जाडंभरडं तेल पूर्ण जळायला वेळ लागतो आणि संथ पिस्टन तो देतो.

हे इंजिन टू-स्ट्रोक असतं. टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याकडे जुनी धूर सोडणारी स्कूटर आठवते, पण इथे रचना फार निराळी आहे. पिस्टन तळाला आला की सिलिंडरच्या खालच्या भोकांतून ताजी हवा आत घुसते, जळालेला वायू वर ढकलते आणि तो माथ्यावरच्या झडपेतून बाहेर पडतो. मग पिस्टन वर येताना हवा दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचा तळ तापतो, तेच इथे प्रचंड प्रमाणात घडतं: हवा पाचशे अंशांच्या वर जाते आणि तीत फवारलेलं तेल ठिणगीशिवाय पेट घेतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे चालवून दाखवलेलं तत्त्व अजून तेच आहे. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो.

डंपरमध्ये पिस्टन थेट कनेक्टिंग रॉडला जोडलेला असतो. जहाजात मध्ये आणखी एक जोड येतो, क्रॉसहेड. पिस्टनचा दांडा सरळ खाली क्रॉसहेडपर्यंत जातो आणि तिथून कनेक्टिंग रॉड सुरू होतो. त्यामुळे आडवा रेटा पिस्टनवर न येता क्रॉसहेडच्या मार्गदर्शक पट्ट्यांवर येतो. शिवाय सिलिंडरमधली काजळी आणि क्रँककेसमधलं स्वच्छ वंगण एकमेकांपासून वेगळं राहतं. मला या यंत्रातली सर्वांत शहाणी कल्पना हीच वाटते. या इंजिनांना दीर्घ आयुष्य मिळतं, त्यात तिचा मोठा वाटा आहे.

सुरू करायला बॅटरी किंवा स्टार्टर मोटर नसते. टाक्यांत ३० बारपर्यंत दाबून भरलेली हवा सिलिंडरमध्ये सोडतात, पिस्टन हलतो, आणि फेरे पुरेसे झाले की तेल फवारलं जातं. जहाज मागे न्यायचं असेल तर? गिअर नाहीच, म्हणून साधारणपणे पूर्ण इंजिन थांबवून उलट दिशेने सुरू करतात. बंदरात शिरताना वाट दाखवणारा पायलट 'स्टॉप', 'अस्टर्न' (मागे) असे हुकूम देत असतो तेव्हा दर वेळी ही टाकीतली हवा खर्च होत असते. म्हणून अशा वेळी खाली काँप्रेसरकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

कोळशाचे दिवस

डिझेलच्या आधी जहाजंही कोळशावरच चालत. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचं 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजींसारख्या सहकाऱ्यांबरोबर उभारलेल्या या कंपनीच्या त्या फेरीची आठवण म्हणून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. लॉयल्टी वाफेचं जहाज होतं. त्याच्या सात वर्षं आधी, १९१२ मध्ये, कोपनहेगनला बांधलेलं 'सेलँडिया' डिझेलवर बँकॉकपर्यंत जाऊन आलं होतं. त्याला नेहमीसारखं धुराडंही नव्हतं.

वाफेच्या जहाजांवर भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांना आगवाले म्हणत, वंगण घालणाऱ्यांना तेलवाले. मुंबईत भरती करणाऱ्या पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर कामाची वाटणी प्रदेशावरून ठरलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी, जेवणघरात आणि सलूनमध्ये गोवेकर, आणि खाली भट्टीपाशी बहुतेक पंजाबी व पठाण. तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यात त्या भट्ट्यांसमोर उभं राहणं ही जिवावरची कामगिरी होती. इतिहासात कंपन्यांच्या मालकांची नावं ठळक राहिली, आगवाल्यांची नाही. डिझेल आलं तेव्हा कोळशाची कोठारं गेली, माल ठेवायला जागा वाढली आणि फावडी मारणाऱ्या माणसांची गरजच संपली.

रिफायनरीच्या तळाचं तेल

डिझेल इंजिन म्हटलं तरी मोठं जहाज पंपावरचं डिझेल क्वचितच जाळतं. रिफायनरीत कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जे काळं, घट्ट तेल उरतं त्याला हेवी फ्युएल ऑइल म्हणतात. डांबर त्याचंच भावंड. थंडीत ते नळीतून वाहतसुद्धा नाही. स्वस्त म्हणून जहाजं ते घेतात आणि मग ते जाळण्याजोगं करण्यासाठी एक छोटा कारखानाच सोबत वाहून नेतात.

टाकीच्या आत वाफेच्या नळ्या असतात, त्यांनी तेल पातळ करून पुढे ढकलतात. सेटलिंग टाकीत ते निवळत ठेवलं की पाणी आणि गाळ खाली बसतो. मग प्युरिफायर. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या या भांड्यात ९८ अंशांच्या आसपास तापवलेलं तेल घुमवतात. जड पाणी आणि कण कडेला फेकले जातात, स्वच्छ तेल मध्ये राहतं. तरीही फवारण्याइतकं पातळ व्हायला ते आणखी तापवावं लागतं, १३० ते १४० अंशांपर्यंत. यात हयगय झाली तर शिक्षा इंजिनाला होते. रिफायनरीतल्या उत्प्रेरकाचे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कण तेलात राहून गेले तर ते सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा खरवडून टाकतात.

तेलातलं गंधक हा वेगळा विषय. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. मग कुणी कमी गंधकाचं तेल घेतलं, तर कुणी धुराड्यात धूर धुणारे स्क्रबर बसवले. आता मिथेनॉलवर आणि द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी इंजिनंही आली आहेत. पण इंधनाचा खर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय अजूनही वेग कमी करणं हाच आहे. जहाजाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के कमी केला की ताकद सुमारे सत्तावीस टक्के कमी लागते.

उरलेली निम्मी कुठे जाते

सर्वांत मोठा हिस्सा, इंधनातल्या उष्णतेच्या सुमारे पाव भाग, धुराबरोबर निघतो. हा धूर आधी टर्बोचार्जरच्या चाकावर आदळतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरला देतं. संथ इंजिनाच्या अंगावर मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेणारं हे यंत्र बसलेलं असतं आणि त्याची शीळ इंजिन रूमच्या सगळ्या आवाजांवर चढते. टर्बोतून सुटलेला धूर पुढे धुराड्यातल्या बॉयलरमधून जातो आणि तिथे वाफ तयार होते. वर सांगितलेलं घट्ट तेल तापवायला हीच वाफ वापरतात.

दाबलेली हवा खूप तापलेली असते. गरम हवा विरळ, म्हणून ती कूलरमधून नेऊन चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणतात आणि मगच सिलिंडरमध्ये सोडतात. सिलिंडरच्या बाहेरून गोडं पाणी फिरत असतं, ८० ते ८५ अंशांवर राखलेलं. फार गरम झालं तर वंगण जळतं. फार थंड झालं तर गंधकाचं आम्ल भिंतीवर जमून लोखंड खातं. म्हणून 'जितकं थंड तितकं बरं' हा नियम इथे चालत नाही. हे गोडं पाणी शेवटी समुद्राच्या पाण्याने निवतं. खारं पाणी शक्यतो इंजिनाला लागू देत नाहीत, कूलरमध्येच थोपवतात.

या गोड्या पाण्याच्या उष्णतेचा एक उपयोग मला फार आवडतो. फ्रेश वॉटर जनरेटर नावाच्या पिंपात हवा काढून जवळजवळ निर्वात केलेली असते. दाब इतका कमी की समुद्राचं पाणी तिथे ४५ ते ५० अंशांवरच उकळतं. चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांवर जातो. म्हणजे आपल्याकडच्या दुपारच्या हवेइतक्या उष्णतेवर तिथे पाण्याला उकळी फुटते. इंजिन थंड करून आलेलं पाणी त्यासाठी पुरतं. वाफ धरली, निववली की गोडं पाणी मिळतं, दिवसाला वीस-तीस टनांपर्यंत, तेही वेगळं इंधन न जाळता. वीस-पंचवीस माणसांची अंघोळ, स्वयंपाक आणि बॉयलरचं पाणी त्यात भागतं.

वीज गेली तर

मुख्य इंजिन स्वतः तेलावर चालतं, पण त्याला तेल, पाणी, वंगण पोचवणारे पंप विजेवर चालतात. म्हणून बाजूला तीन-चार डिझेल जनरेटर असतात. ते आकाराने लहान, फोर-स्ट्रोक, मिनिटाला साधारण सातशे-नऊशे फेऱ्यांचे. जहाजावरची वीज बहुधा ४४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. आपल्याकडे जमिनीवर ५० हर्ट्झ. फार मोठ्या जहाजांत ती ६६०० व्होल्टपर्यंत जाते.

वीज खंडित झाली तर काय होतं, हे २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेत बाल्टिमोरला दिसलं. 'डाली' हे सुमारे तीनशे मीटरचं कंटेनर जहाज बंदरातून बाहेर पडत होतं. बहुतेक कर्मचारी भारतीय. फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या जवळ असताना वीज गेली, पंप थांबले, आणि पाण्याचा दाब पडताच मुख्य इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडलं. वीज परत आली आणि पुन्हा गेली. जहाज पुलाच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला आणि पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा मजूर गेले. अमेरिकेच्या तपास संस्थेला पहिल्या खंडाचं कारण सापडलं ते एका सैल तारेत. तारेवरची ओळखपट्टी चुकीच्या जागी बसवल्यामुळे तार जोडणीत पुरती आत गेलीच नव्हती. दुसऱ्या खंडामागे जनरेटरला तेल देणारा पंप होता. तो अशा कामासाठी योग्य नव्हता आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होत नव्हता. हे प्रकरण प्रत्येक आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात शिकवायला हवं. हजारो टनांच्या जहाजाचं भवितव्य स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाएवढ्या जागेवर अवलंबून होतं.

नियमाप्रमाणे आणखी एक आपत्कालीन जनरेटर इंजिन रूमच्या बाहेर, वरच्या डेकवर असतो. मुख्य वीज गेल्यावर त्याने ४५ सेकंदांच्या आत भार घ्यायचा असतो. दिवे, सुकाणू, आगीचा पंप त्यावर चालतात, मुख्य इंजिन मात्र नाही.

आग

खाणीत जशी कोळशाच्या धुळीची आणि मिथेनची धास्ती, तशी इथे तेलाच्या धुक्याची. एखादं बेअरिंग तापलं की वंगणाची वाफ होते, ती निवून बारीक धुकं बनतं आणि तापलेल्या जागी ते पेटतं. सप्टेंबर १९४७ मध्ये 'रेना देल पॅसिफिको' या प्रवासी जहाजाच्या चाचणीफेरीत क्रँककेसचा असा स्फोट होऊन २८ माणसं मेली. आज क्रँककेसच्या दारांवर दाब सोडणाऱ्या झडपा आणि आत धुकं ओळखणारं यंत्र असतं. त्याची घंटा वाजली तर इंजिन मंद करायचं, थांबवायचं, आणि ते निवेपर्यंत दार उघडायचं नाही. उघडलं तर आत हवा जाते.

फुटलेल्या नळीतून उडालेलं तेल धुराच्या तापल्या नळीवर पडणं हे दुसरं नेहमीचं कारण. म्हणून इंधनाच्या उच्च दाबाच्या नळ्यांना दुहेरी आवरण असतं. सगळं हाताबाहेर गेलं तर शेवटचा उपाय कार्बन डायऑक्साइड: सगळी दारं, पंखे बंद करून खोली त्या वायूने भरायची. आग विझते, पण आत राहिलेला माणूसही वाचत नाही. म्हणून वायू सोडण्याआधी मोजणी. एकही माणूस कमी भरला तर चीफ इंजिनिअर आणि कॅप्टनपुढे जो निर्णय उभा राहतो, तो कुणावर येऊ नये.

खाली कोण असतं

चीफ इंजिनिअर प्रमुख, पण रोजचं काम चालवतो तो सेकंड इंजिनिअर. थर्डकडे बहुधा जनरेटर, फोर्थकडे प्युरिफायर आणि काँप्रेसर. त्यांच्याखाली फिटर, मोटरमन किंवा ऑइलर, आणि वायपर. शिवाय वीज सांभाळणारा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. पाळ्या चार तासांच्या: बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा, दिवसातून दोनदा. नव्या जहाजांत रात्री खाली कुणी नसतं. घंटा ड्युटीवरच्या इंजिनिअरच्या खोलीत वाजते. तो एकटा खाली उतरला की ठरावीक वेळाने बटण दाबतो. दाबलं नाही तर तो पडला असं समजून वरच्यांना इशारा जातो.

खाली ४० ते ४५ अंश तापमान, आणि आवाज इतका की कानांवर मफ लावून खुणांनी बोलायचं. अनुभवी माणूस हात ठेवून पंपाची थरथर ओळखतो. सगळ्यांत तळाला बिल्जमध्ये गळलेलं तेल-पाणी साचतं. ते समुद्रात सोडायचं तर दहा लाख भागांत १५ भागांहून जास्त तेल चालत नाही, आणि प्रत्येक वेळेची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात करावी लागते. खोटी नोंद केल्याबद्दल चीफ इंजिनिअरना अमेरिकेत तुरुंगात जावं लागलेलं आहे.

माजरीहून तिथवर

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब असला तरी हे काम शिकायला किनाऱ्यावर जन्मावं लागत नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल तर आयएमयू-सीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन मरीन इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी घेता येते. मुंबईत शिवडीच्या हे बंदर रोडवर असलेली मरीन इंजिनिअरिंग अँड रिसर्च इन्स्टिट्यूट १९४९ साली सुरू झालेल्या प्रशिक्षणाचा वारसा चालवते आणि आता इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचा भाग आहे. मेकॅनिकलची पदवी आधीच असेल तर एका वर्षाचा अभ्यासक्रम पुरतो. दहावी झालेल्यांसाठी सहा महिन्यांचं जीपी (जनरल पर्पज) रेटिंग हे खलाशी-प्रशिक्षण आहे. वेकोलिच्या वर्कशॉपमध्ये डंपरची इंजिनं उघडून पाहिलेल्या घरातल्या मुलाला फिटरचं काम परकं वाटणार नाही, असं मला खात्रीने वाटतं.

एक सावधगिरी मात्र हवी. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांच्या जाळ्यात आडगावची मुलं सहज सापडतात. भरती करणाऱ्या संस्थेला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालय जाहीर करतं. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. डोळ्यांची तपासणीही आधी करून घ्यावी, कारण रंग नीट ओळखता आले नाहीत तर पुढे अडतं. इंजिन रूममध्ये समुद्राच्या पाण्याची नळी हिरवी, गोड्या पाण्याची निळी, इंधनाची तपकिरी असते. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यांत देतात ते काम म्हणजे यांतली एकेक नळी हातात टॉर्च घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत शोधत जायची, वाटेतली प्रत्येक झडप आणि पंप वहीत काढायचा, आणि ते चित्र सेकंड इंजिनिअरला दाखवायचं.